पत्र्याखाली टाकलेले ब्लॉक

खोपोलीतल्या ज्या खासगी लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे, तिथल्या मॅनेजरशी माझं कधीच पटलं नाही. तो लॅबच्या मालक डॉक्टरांचा मेहुणा. आधी प्लॉटचे व्यवहार करायचा. जागा अडवणाऱ्या प्रत्येक वस्तूवर त्याचा राग, आणि सगळ्यात जास्त राग माझ्या ब्लॉकवर.

ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा आम्ही मेणात बसवतो. त्याचा काड्यापेटीहून लहान ठोकळा होतो, तो ब्लॉक. रिपोर्ट दिल्यावरही तो वर्षानुवर्षं जपायचा असतो, कारण पुढे कधी दुसऱ्या डॉक्टरला तोच तुकडा पुन्हा तपासावा लागतो. प्रत्येकाच्या कडेला पेन्सिलीने नंबर घालून, खोक्यांत ओळीने लावून मी मागची खोली भरली होती.

आईच्या आजारपणात मी सुट्टीवर गेले. भर उन्हाळा होता. परत आले तर त्या खोलीत सोफा, एसी आणि मॅनेजरचं टेबल.

"ब्लॉक कुठायत?"

"गच्चीवर, पत्र्याच्या शेडमध्ये. मेलेल्या मांसाला एसी कशाला हवा, मॅडम?"

वर जाऊन पाहिलं. सगळे गोणींत कोंबलेले. मेण मऊ पडून एकमेकांना चिकटलेले. मी तडक डॉक्टरांकडे गेले. मायक्रोस्कोपवरून मान न उचलता ते म्हणाले, "तुम्ही दोघं आपसात मिटवा."

त्याच आठवड्यात लोधिवलीकडचा एक शेतकरी आला. बायकोच्या छातीतली गाठ आमच्याकडे तपासली होती. आता मुंबईच्या इस्पितळाने औषध ठरवण्याआधी ब्लॉक मागितला होता. मॅनेजरने काउंटरवरूनच सांगून टाकलं, "तपासणीत संपला तो."

मी आत रक्त घेत होते. हातमोजे न काढताच बाहेर आले. "संपलेला नाही. वर आहे."

"तुम्ही तुमचं काम करा," मॅनेजर सगळ्यांसमोर खेकसला.

तो माणूस मात्र माझ्यावरच उलटला. "म्हंजी हाय? मग नाय का बोलतो हा? माजी बायको तिकडं खाटेवर हाय आनि तुमी हितं खेळ करताय?" आणि दारातच फतकल मारून बसला. "तुकडा घेतल्याबिगर मी उठनार नाय."

मी गच्चीवर गोणी उपडी केली. पत्रा तापला होता, खाली घामाने चष्मा घसरत होता. एकेक ब्लॉक पात्याने सोडवून नंबर वाचत होते. मॅनेजर वर आला आणि हळूच म्हणाला, "दुसरा कुठलाही द्या ना. त्याला काय कळतंय?"

"हे तुम्ही खाली जाऊन त्याला सांगताय, की मी सांगू?"

तो खाली गेला.

संध्याकाळ व्हायच्या आत ब्लॉक सापडला. कोपऱ्याचं मेण गेलेलं, पण तुकडा शाबूत, नंबर स्पष्ट. त्या माणसाने रिपोर्टशी एकेक आकडा ताडून पाहिला. "हा तिचाच हाय, आसं लेखी द्या." मी लिहून सही केली. आभाराचा शब्दही न काढता तो गेला. मला त्याचाही संताप आला होता, खोटं कशाला बोलू. शोधलं मी, आणि शिव्याही मलाच.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरला समोर उभं करून मी त्याचं 'दुसरा कुठलाही द्या' हे वाक्य डॉक्टरांना ऐकवलं. "मी असं बोललोच नाही," तो म्हणाला. डॉक्टरांनी दोघांनाही कामाला जायला सांगितलं. मग ब्लॉकसाठी एक लोखंडी कपाट आलं, त्याची किल्ली माझ्याकडे आली आणि मॅनेजर आपल्या एसीत राहिला. आम्ही एकमेकांशी बोलत नाही. निरोप रिसेप्शनवरच्या मुलीकडून जातात.

पावसाळा सरल्यावर तो माणूस बायकोला रक्त तपासायला घेऊन आला. तिच्या डोक्यावर घट्ट बांधलेला स्कार्फ होता, केस गेले होते. तिने हात पुढे केला. तो माझ्या डोक्यावरच उभा. रक्त घेऊन झालं तसा म्हणाला, "नाव माज्यासमोर लिवा."

मी ट्यूबवर नाव लिहिलं.

"आता वाचून दाखवा."

मी वाचून दाखवलं.