केकचा ठराव

गेल्या मे महिन्यातल्या एका रविवारी, बाराशे रुपयांच्या केकसकट, आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये सात मुलं अडकली. कुलूप बिघडलं होतं. बाहेर सोसायटीचा अध्यक्ष म्हणून मी होतो आणि तिसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू. त्यांच्या मुलाचा आठवा वाढदिवस होता.

"आता एकमेकांना बोचकारतील," ते काचेला नाक लावून म्हणाले.

"स्वल्प थांबा, अण्णा," मी त्यांच्या कानडीत थोडं थांबायला सांगितलं. "माझी मुलगी मोठी आहे, ती सांभाळेल."

सोसायटीची सभा त्याच खोलीत भरते. मुलीने खुर्च्या मांडून, स्वतः अध्यक्ष होऊन सभाच भरवली आणि केक वाटण्याचा ठराव मांडला. वाढदिवसाच्या मुलाने हात वर केला.

"तू भाडेकरू. तुला मत नाही," आतून तिचा आवाज आला. "केकही मालकांनाच."

"पण केक माझाय!"

"अध्यक्षांना विचारून बोलायचं."

ठराव सहा विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. कुलूपवाल्याने दार उघडलं तेव्हा पुठ्ठ्यावर फक्त मेणबत्त्या होत्या आणि मुलगा रडत होता.

"बाबा, सगळं नियमाने केलं," मुलगी म्हणाली.

कुलूपवाल्याला चारशे रुपये सोसायटीने दिले. मुलाच्या वडिलांना बाराशे मी दिले, ठराव न मांडता.