कशावरून बाई

आमच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना मुलं 'कशावरून बाई' म्हणायची. त्यांच्या वर्गाचा नियमच होता तसा. बाईंनी काहीही सांगितलं की कुणीही उठून "कशावरून?" विचारायचं आणि बाईंनी टेबलावर काहीतरी ठेवून दाखवायचं. मोड आलेलं बी, दगडात उमटलेला शिंपला, काहीही. मी गणिताचा मास्तर, त्यांच्या समोरच्याच दारात राहायचो. देवाधर्माशी माझं कधी जमलं नाही; बाईंची मात्र सकाळची प्रार्थना कधी चुकली नाही. मी चिडवायचो, "बाई, तिथं विचारता का कशावरून?"

"तिथं मी ऐकायला जाते हो, तपासायला नाही," त्या म्हणायच्या.

बाईंनी लग्न केलेलं नव्हतं, आईवडील कधीच गेलेले. उरली होती एक थोरली बहीण. बाई तिला ताई म्हणायच्या. ती पलीकडच्या गल्लीत राहायची. सकाळी दोघी जोडीनं प्रार्थनेला जायच्या आणि रात्री बाईंकडे एकत्र जेवायच्या. आमटीत मीठ कुणी जास्त टाकलं, यावरून त्यांचं जे भांडण चाले, ते मला दाराआडून पाठ झालं होतं. बाईंना ताईशिवाय कुणी नव्हतं.

ताई आमच्या शाळेच्या समितीवर होती. देवानं सृष्टी कशी घडवली, हा पाठ विज्ञानाच्या तासाला शिकवायचा, असा ठराव तिनंच मांडला आणि तो मंजूर झाला. आम्ही शूर शिक्षक चहाबरोबर भरपूर संतापलो आणि मुख्याध्यापकांसमोर मूग गिळून बसलो. बाई मात्र खूश होत्या. ताईचा ठराव, देवाचा पाठ आणि वर्ग आपला, आणखी काय हवं!

बाईंनी तो पाठ मन लावून शिकवला. मग पहिल्या बाकावरची एक गुणी मुलगी नियमाप्रमाणे उठली. "कशावरून, बाई?"

बाई टेबलाकडे बघत राहिल्या. तिथं ठेवण्यासारखं काहीच नव्हतं. शेवटी म्हणाल्या, "यावर विश्वास ठेवायचा असतो."

एरवी असं उत्तर कुणी दिलं की बाई स्वतःच हसून त्याला खाली बसवायच्या. मुलांना वाटलं, बाई गंमत करतायत. सगळा वर्ग खो खो हसला.

त्या तडक मुख्याध्यापकांकडे गेल्या. "हा पाठ मी पुन्हा घेणार नाही. आज मुलं माझ्या देवाला हसली. त्यांची चूक नाही. त्याला त्या टेबलावर मी नेऊन बसवलं."

बाईच अडून बसल्यावर आम्हालाही कंठ फुटला आणि समितीला ठराव मागे घ्यावा लागला. शिक्षकांच्या खोलीत मिठाई आली. चित्रकलेचे मास्तर म्हणाले, "शेवटी आमच्यात आलात म्हणायचं!"

"मी आहे तिथंच आहे हो," बाई म्हणाल्या. कुणी ऐकलं नाही. मिठाई चांगली होती.

ताईला मात्र ते जिव्हारी लागलं. ती आता आधीच निघून जायची आणि प्रार्थनेला लांबच्या रांगेत बसायची. तिचं बघून तिथल्या बाकीच्या बायकाही बाईंपासून चार हात दूर राहू लागल्या. संध्याकाळी बाईंच्या घरात कुणाचाच आवाज नसायचा. एकदा दूध मागायला गेलो तर त्या ओट्याशी उभ्या राहूनच जेवत होत्या. मला फार वाईट वाटलं. पण मी करणार काय? मी प्रार्थनेला सोबत जाणं म्हणजे शुद्ध सोंग झालं असतं.

एका सकाळी मी दाराला कुलूप लावत होतो. ताई आली होती, पण उंबऱ्याबाहेरच उभी होती. बाईंच्या घराची तिच्याकडची किल्ली परत द्यायला आली होती.

"आत तरी ये," बाई म्हणाल्या.

"नको. तुझ्यासाठी रोज प्रार्थना करते मी. तो तुला सुबुद्धी देईल."

बाईंनी किल्ली घेतली नाही.

"माझ्यासाठी नको करूस गं, ताई. माझ्याबरोबर कर."

ताईनं किल्ली माझ्या हातात दिली आणि ती जिना उतरून गेली.