दोन हातांचं माप

मी जमिनीतली भोकं मोजते, असं साताऱ्याला सांगितलं की नातेवाईक विषय बदलतात. चेन्नईत, गिंडीतल्या एका छोट्या कंपनीत माझी नोकरी आहे. भोक पाडणाऱ्याची समजूत असते की ते तोंडाशी जसं गोल आहे तसंच तळापर्यंत गेलं. जमीन काही त्याच्या बापाची नोकर नसते. कुठे खडक झडून भोक रुंद होतं, कुठे चिकणमाती फुगून आत येते. म्हणून हात मिटलेलं एक उपकरण तळापर्यंत सोडायचं, तिथे त्याचे हात उघडायचे आणि भिंती चाचपत त्याला वर ओढायचं. याला कॅलिपर म्हणतात. वर त्याचा आलेख उमटतो, आणि तो वाचण्याचा मला पगार मिळतो.

घरी मात्र या विद्येला गिऱ्हाईक नव्हतं. सासरे तंजावरी मराठी. त्यांची भाषा इतकी जुनी, की लग्नानंतरचं पहिलं वर्ष ते रागावलेत की आशीर्वाद देताहेत, हेच मला उमगत नव्हतं. निवृत्तीनंतर त्यांनी दोन जबाबदाऱ्या अंगावर घेतल्या होत्या : वेलचेरीतल्या आमच्या इमारतीचं सेक्रेटरीपद आणि घरची सकाळची फिल्टर कॉफी. दोन्हींत लुडबूड चालत नसे. कॉफीचा पहिला टंबलर सुनेला, हा त्यांचा नेम होता, आणि मी तो निमूटपणे प्यायचे.

ऐन मे महिन्यात इमारतीच्या बोअरवेलचा पंप जळाला. मामंजींनी टेप काढली, बोअरच्या तोंडाचं माप घेतलं आणि त्यात बसेल असा सगळ्यांत मोठा पंप पसंत केला. खालीही एकदा मोजून घेऊ या, असं मी चाचरत सुचवलं. ते लगेच तयार झाले. आपलं म्हणणं यंत्रानं सिद्ध होणार असेल तर कोण नको म्हणेल?

शनिवारी आमचा ऑपरेटर कॅलिपर घेऊन आला. दोन्ही दिशांनी मोजणारा चार हातांचा साइटवर गेला होता, म्हणून त्यानं दोन हातांचा आणला. आलेख निघाला. वरपासून खालपर्यंत कुठेही अरुंद नाही. मधल्या कुजक्या खडकात तर भोक चांगलंच ऐसपैस दिसत होतं. मामंजींनी तो कागद जमलेल्या शेजाऱ्यांपुढे धरला.

"मी सांगटलों न्हवे? अस्की वाटोळंच हाय."

अस्की म्हणजे सगळं, आणि वाटोळं म्हणजे नुसतं गोल. शेजाऱ्यांना मराठीचं एक अक्षर कळलं नसेल, पण विजय कळला. मी मात्र तो आलेख पुन्हा वरून खाली वाचला. भोक लंबगोल असलं की दोन हातांचा कॅलिपर आपोआप लांबट बाजूला वळतो. गर्दीत माणूस जिथे जागा दिसेल तिकडेच हात पसरतो, तसं. अडचणीची बाजू त्याला कधी भेटतच नाही, त्यामुळे त्याच्या लेखी जगात सगळीकडे जागाच जागा असते. आलेखातला तो ऐसपैसपणा मला म्हणूनच खुपत होता : तिथे भोक दुसऱ्या बाजूनं चेपलेलं असलं, तर ते कागदावर उमटलंच नसतं. पंप तिथे अडकला असता तर वर ना खाली. इमारतीची एकुलती एक बोअर गेली असती आणि सगळा उन्हाळा पाण्याच्या लॉरीची वाट बघण्यात गेला असता. आणि हे मी चारचौघांत बोलले असते तर मामंजींची नुकती फडकलेली पताका मीच उतरवल्यासारखं झालं असतं. नवऱ्याला विचारलं, तर त्यानं तमिळमध्ये सांगितलं की तुम्ही दोघं मराठीत काय ते मिटवा.

मग मी सुनेला शोभेल असा आडमार्ग काढला. पंप सोडण्याआधी त्याच जाडीचा, त्याच लांबीचा पाइप दोरीला बांधून सोडायचा, अशी आमच्या धंद्यात रीत आहे, असं मी सांगितलं. रीत खरीच आहे; फक्त मी ती नारळ फोडण्याच्या सुरात सांगितली. रीत म्हटल्यावर मामंजींनी मान डोलावली. स्वतः दोरीला हात लावला.

पाइप बरोबर कुजक्या खडकाशी अडला. हलवून पाहिला, थोडा उचलून पुन्हा सोडला. तो खाली जाईना. दोरी ओढून तो वर काढला. मामंजींनी घाम पुसला, पाइपाकडे बघितलं आणि सेक्रेटरीच्या आवाजात, तमिळमध्ये, निकाल दिला : बोअर उत्तम आहे, पंप जाड आहे. बारीक पंप आणायचं ठरलं. कुणीतरी त्यांच्या सावधपणाचं कौतुकही केलं, आणि ते त्यांनी नाकारलं नाही.

मला हायसं वाटलं. प्रकरण माझ्या मते संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीचा टंबलर पुढे ठेवून ते समोर बसले.

"तुला अधीच ठावें होतं. मला कां नाहीं सांगटलें, म्मा? भय वाटतें?"

मी खोटं बोलणार होते. पण त्यांचा चेहरा खरोखरच दुखावलेला होता आणि मला वाईट वाटलं. मी म्हटलं, "भय नाही, मामंजी. पण तुम्ही ज्या गोष्टी ऐकून घेता, तेवढ्याच मी इतकी वर्षं तुमच्याशी बोलत आले."

त्यांनी टंबलर माझ्याकडे जरा सरकवला. मग म्हणाले, "बरें. जें ऐकत नाहीं, तें एक सांग."

"मला कॉफी आवडत नाही. चहा लागतो. लग्नाच्या आधीपासून."

पाइप अडकला तेव्हाही त्यांचा चेहरा इतका पडला नव्हता. ते उठले, माझा टंबलर उचलला आणि स्वयंपाकघराच्या दारातून, माझ्याकडे न बघता, विचारलं की चहाला दूध अगोदर घालायचं की मागाहून.