घड्याळ काढून बसणाऱ्या मॅडम

मॅडम कुणाच्याही घरी बसल्या की आधी मनगटावरचं घड्याळ काढून पर्समध्ये टाकायच्या. म्हणायच्या, "घड्याळ दिसलं की माणूस दुःख आटोपतं घेतो." दंगलीनंतर माणसांच्या मनाचं काय होतं, समुपदेशनाचा कितपत उपयोग होतो, यावर त्यांचं संशोधन होतं. सोलापुरात आमच्या पेठेतली दुकानं जळाली, त्यानंतर त्या आल्या. मला पेठेतल्या बायकांची दखनी बोली येते म्हणून सोबतीला घेतलं. आई विड्या वळायची; घरात कॉलेज शिकलेली मी पहिलीच. एवढ्या मोठ्या बाईंनी "तुझं काय मत?" विचारलं की मी दिवसभर हवेत.

मॅडम चहा बशीत ओतून फुर्रकन प्यायच्या. बायका हसायच्या आणि हसता हसता रडायला लागायच्या. रडणाऱ्याला लगेच पाणी द्यायचं नाही, तो गप्प होतो, हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

बांगडीवाली चाची मात्र बोलेना. दुकान जळाल्यापासून ती रोज दिवेलागणीला उंबऱ्याशी भरलेल्या दोन बादल्या ठेवायची. अख्खी पेठ बघायची. तिनं मला बाजूला घेतलं. "तेरी मॅडम पेट की पक्की है ना?"

"पक्की है चाची. मेरी जबान."

मग ती बोलली. "आग लगाने में सामनेवाली का छोकरा था. मेरेकु चाची चाची बोलता था. किसकु बी नै बोली मैं. रहना तो इदरीच है ना?"

मॅडमनी तिचा हात धरला. "चाची, हे इथंच राहील."

काही महिन्यांनी मॅडमचं शहरात भाषण झालं. पेठेतल्या बायकांना मानानं पुढं बसवलं होतं. मॅडम सांगू लागल्या, "एक शबाना. रोज उंबऱ्याशी दोन बादल्या ठेवते..." मग त्यांच्या बोलण्यात समोरच्या घरातला मुलगाही आला. सगळ्या माना चाचीकडं वळल्या. त्या मुलाची आई तिच्या शेजारीच बसली होती. ती उठून गेली.

मी मॅडमना दारात गाठलं. "हे काय केलंत?"

"अगं, नाव बदललंय की मी! संशोधनात असंच करतात." त्या खरंच चकित झाल्या होत्या.

"पेठेत नावानं कोण ओळखतं, मॅडम?"

त्यांनी पहिल्यांदाच माझ्यासमोर घड्याळ बघितलं. "गाडीची वेळ झाली गं. फोनवर बोलू."

चाची माळशिरसला लेकीकडं गेली, ती कायमचीच. जाताना मला एवढंच म्हणाली, "तू बोली थी, बेटी."

आता मीही समुपदेशक आहे. घड्याळ काढूनच बसते; शिकवलेलं चांगलं टाकवत नाही. मॅडमचं नाव मात्र मी इथं कुठंही लिहिलेलं नाही.

संशोधनात असंच करतात.