काचेच्या पेटीतला अंगारा

माझी नात दिवस भरायच्या आधीच जन्मली आणि बेळगावच्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं. आम्ही गुंदकडचे शेतकरी. असं काही झालं की आमच्याकडे आधी देवळात गुरवाकडे धाव घेतात. मीही घेतली. त्याने देवापुढचा अंगारा कागदाच्या पुडीत बांधून दिला. तो कमरेला खोचून गाडीत बसलो, तरी जिवाला थारा नव्हता. देव एवढ्या लांब, त्या यंत्रांच्या घरात येईल का, हीच शंका मनात.

आत सोडताना नर्सने माझे हात कोपरापर्यंत साबणाने धुवून घेतले. मीही नीट धुतले. पण अंगाऱ्यालाही काही मळ असेल, असं कुणाच्या मनात येईल? तिची पाठ वळताच मी पुडी सोडली, पेटीच्या झडपेतून हात घातला आणि त्या टिचभर कपाळावर बोट टेकवलं.

दुसऱ्या दिवशी पोर दूध घेईना, निपचित पडली. रक्तात जंतू गेलेत, डॉक्टर म्हणाले. माझा मुलगा त्या नर्सवर तुटून पडला. "तुमच्याच हातानं लागलंय हे! हात धुता का न्हाई तुमी?" ती रडत "धुते हो, धुते" म्हणत राहिली. मी भिंतीला टेकून कमरेची पुडी चाचपत राहिलो.

बाहेर बाकावर बसून देवाला म्हणालो, पोर वाचव, म्हणशील ते करीन. मागत होतो सगळं, कबूल मात्र काहीच करत नव्हतो. तेवढ्यात एक बाई समोर येऊन उभी राहिली. शेजारच्या पेटीतल्या बाळाची आई. आमचं कधी बोलणं झालं नव्हतं. तिने ओंजळ पुढे केली. "अज्जा, तुमी लावताना मी बगितलं. चिमूटभर मलाबी द्या. माज्या लेकाला लावते."

माझा हात कमरेच्या पुडीवर गेला आणि तिथेच थिजला.

"न्हाई पोरी," मी म्हणालो, "ह्यानंच माज्या नातीला लागलं आसंल. तू लावू नको."

मग बसवेना. तसाच आत गेलो आणि मुलासमोर, नर्ससमोर डॉक्टरांना सगळं सांगितलं. बाधा नेमकी कुठून आली ते सांगता येणार नाही, पण बोललात ते बरं केलंत, एवढंच ते म्हणाले. नर्सने डोळे पुसले. "आजोबा, देवाला दाराबाहेर थांबा म्हटलं तर तो काय रुसतो व्हय?" मुलगा कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही. औषधं चालू राहिली, पोर हळूहळू दूध घेऊ लागली आणि आम्ही तिला घरी आणलं.

गावात अजून म्हणतात, आज्याच्या अंगाऱ्यानं नात तगली. ऐकून मी आजवर नुसता हसत आलो. ते खरं नाही, हे आज लिहून ठेवतो.

देवावर सोडलं की आपला हात मागे घ्यायचा असतो, हे मला त्या बाईच्या ओंजळीने शिकवलं. तिला कुणी पाठवलं, मी विचारत नाही. तिच्या लेकाचं पुढे काय झालं, तेही मला ठाऊक नाही. रोज दिवा लावताना आधी त्याच्यासाठी मागतो, मग नातीसाठी.