अंबादासची अदब

अंबादास गेल्याचं मला डोंगरकडा गावच्या बाजारात कळलं. मी तेव्हा एका खोंडाचे दात पाहत होतो. सांगणारा म्हणाला, "लई अदबशीर माणूस गेला." मी म्हणालो, "व्हय, यमालाबी 'आधी आपण' म्हणला असंल..."

लोकांना त्याच्या अदबीचं कौतुक. मला मात्र तिची चीड आहे. आम्ही एका गावचे, बरोबरीचे. मी लोकांची गुरं हाकत हाकत स्वतःचा व्यापार उभा केला. तो हैदराबादेत राहून वाकून सलाम करायला शिकून आला. आमची भागी होती. सौदा माझा, निजामी अंमलदारांशी बोलणं त्याचं. एकदा हिंगोलीच्या बाजारात एका अंमलदारानं माझ्या लाल कंधारी बैलजोडीची तारीफ केली. अंबादास वाकून म्हणाला, "आप ही की है, हुजूर." त्या लोकांत असं म्हणायचं असतं, आणि समोरच्यानं "आपको मुबारक" म्हणून नाकारायचं असतं, एवढं मलाही ठाऊक होतं. पण या गृहस्थानं "शुक्रिया" म्हटलं आणि शिपायाला दावं सोडायला सांगितलं! अंबादास नुसता हसत उभा. मी दावं धरलं आणि भरबाजारात ओरडलो, "हुजूर, जीभ याची हाय, बैल माझे हायत!" लोक खदखदून हसले. अंमलदार लालबुंद होऊन निघून गेला. बैल वाचले.

वाटेत अंबादास म्हणाला, "इज्जत घालवली तुमी माझी, सखारामजी."

जन्मभर मला 'सख्या' म्हणणारा माणूस! मी म्हणालो, "अबे, भांडायचं तर भांड की."

"न्हाई जी. आपलंच बराबर."

तेव्हापासून दर भेटीला तेच... "या, बसा, तकलीफ घेतली." भल्याभल्या हटवाद्यांना मी भावात खाली आणलं, पण याच्या तोंडून एक शिवी निघाली नाही. शिवी दिली असती तर त्याच दिवशी मिटलं असतं. निजामी बुडाली, ते अंमलदार पळाले. याची अदब जागची हलली नाही. आजारपणात मुद्दाम गेलो. म्हणालो, "अंबाद्या, एकदा सख्या म्हण, मग खुशाल मर." त्यानं हात कपाळाला नेला. सलाम!

तेराव्यानंतर त्याच्या घरी गेलो. वहिनींनी पानदान पुढं सरकवलं. "ह्यांनी सांगून ठेवलंय, सखारामजींना विडा द्यायचा."

त्या घरात विडा दिला की पाहुण्यानं उठायचं असतं. तीही हैदराबादेचीच रीत. मेल्यावरही मला मानानं बाहेर काढत होता लेकाचा! मी विडा तोंडात टाकला... आणि बसून राहिलो.