बैलासारखा श्वास सोडून पाहा

कुत्र्याची नक्कल गळ्यानं होत नाही, पोटानं होते. नववीत सरांनी फळ्यावर फुप्फुसं काढून सांगितलं होतं, श्वास घेताना स्नायूंना काम पडते, सोडताना ते नुसते ढिले होतात, छाती आपोआप बसते. मी मागच्या बाकावरून चार वेळा भुंकलो आणि विचारलं, "मंग माह्यं पोट काऊन दुखून राहिलं, सर?" वर्गाबाहेर गेलो. शांत बसलेल्या जनावराबद्दल सरांचं बरोबर होतं. भुंकणाऱ्याबद्दल, हंबरणाऱ्याबद्दल माह्यं.

तेव्हापासून कोणत्याही जनावराचा मी आधी श्वास उचलतो, म्हणजे त्याच्यावानीच घेऊन-सोडून पाहतो, आवाज मागून. घरचे याले टवाळी म्हणतात. म्हणू देत.

यंदा धानाच्या रोवण्याच्या तोंडावर केशोरी गावच्या काकाच्या जोडीतला एक बैल मेला. बांधीत चिखल करायले दुसरा पाहिजेच होता, रोपं वाढून चालली होती. कुडव्याहून, घरून, मी मोटरसायकल काढली, केशोरीत काकाले मागं बसवलं आणि कोहमाऱ्याकडच्या बैलबाजारात गेलो. काकाले एक पांढरा बैल आवडला. त्यानं दात पाहिले, खूर पाहिले. मी बाजूला उभा राहून सवयीनं बैलाचा श्वास उचलून राहिलो.

चार-पाच श्वासांत माह्या बरगड्यांखाली कळ आली. बैल सावलीत नुसता उभा होता, तरी श्वास सोडून झाला की त्याचं पोट अजून एकदा आत जाये. उरलेली हवा ढकलून काढून राहिला होता. उभ्या जागी भुंकायची मेहनत, आणि आवाज नाही.

"काका, हा नको."

"काऊन?"

"श्वास दोन धक्क्यांत सोडते. छाती खराब हाय याची."

व्यापारी हसला. "भैया डॉक्टर है क्या?"

"नकल्या हाय," काका म्हणाला. "लग्नात बकरीवानी ओरडते."

"धूप में चलके आया है, भाऊ. थका है."

"मंग अर्धा तास थांबू," मी म्हणालो. "थकला असंल तर पोट थांबंल."

"टाइम नहीं है. दो ग्राहक और खड़े हैं."

"त्याइले द्या."

"तोंड बंद ठेव बे," काका म्हणाला. "चिखल तू करशील का गुडघ्यावर?"

तोंड बंद ठेवलं. काकाचा हात धरून माह्या बरगडीखाली दाबला आणि बैलावानी श्वास सोडला. एक धक्का. मंग दुसरा. पाच-सहा जण जमले. कोणी म्हणालं, याचं पेट्रोल संपलं. मी थांबलो नाही. डोकं गरगरायले लागलं तरी नाही.

काकानं तोच हात बैलाच्या कुशीवर ठेवला. बराच वेळ ठेवला.

"थांबतो आम्ही अर्धा तास," तो व्यापाऱ्याले म्हणाला.

व्यापाऱ्यानं खुंट्याचा कासरा सोडला आणि बैल दुसऱ्या टोकाले घेऊन गेला.

काका माह्याकडे न पाहता म्हणाला, "चाल, त्या तिकडच्या तांबड्या बैलाचा श्वास पाहू. पण आवाज नको करू, लोक पाहून राहिले."

मी हंबरतच गेलो.